आज मशीन ओरडलं नाही

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर ‘मॅडम’, आणि चहाच्या वेळी चेहरा जरा सैल दिसला तर ‘ताई’. पन्नाशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईवडिलांबरोबर राहणारी बाई. तिला सून यायची कुठून? पण ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला दोष देता येणार नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड तिच्यापुढे आला की ती त्यावरून बोट फिरवून धूळ दाखवायची. धूळ नसलीच तर बोट पुन्हा फिरवायची.

तिचं कामच ते होतं. कंपनी घरी वापरायची श्वासाची मशिनं बनवायची. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत, झोपेत ज्यांचा श्वास कमी पडतो, त्यांच्या उशाशी ठेवायची एक पेटी, पेटीला एक नळी, आणि नळीच्या टोकाला तोंडावर बसणारा मास्क. पेटीत एक छोटा संगणक असतो. त्याच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि या गाभ्याचं मशीनच्या एकेका भागाशी बोलणं करून देणारा जो कोड, त्याला ड्रायव्हर. बाकीची माणसं ड्रायव्हर लिहीत. ही ते वाचायची, आणि तिने ‘वाचलं, मान्य’ अशी सही केल्याशिवाय त्यातली एक ओळही कुणाच्या घरच्या मशीनपर्यंत पोचत नसे.

ड्रायव्हरचं पहिलं काम म्हणजे भाग जागा करणं आणि तो आहे की नाही ते ओळखणं. आधी त्याला वीज द्यायची. मग थोडं थांबायचं, कारण भागालाही जाग यायला वेळ लागतो. मग विचारायचं, तू कोण? भाग आपला ठरलेला नंबर सांगतो. सांगितला की कामाला जुंपायचा. नाही सांगितला तर तो तिथे बसवलेलाच नाही असं समजून वीज काढून घ्यायची आणि पुढे जायचं. लहान मुलाला शाळेसाठी उठवण्याइतकी ही साधी गोष्ट, पण मुलांना उठवतानाच घराघरांत जो गोंधळ होतो तो आठवून बघा. कुणी वीज द्यायच्या आधीच प्रश्न विचारतं. कुणाला धीर नसतो, तो थांबतच नाही. आणि सगळ्यांत जास्त लोक कुठे चुकतात, तर भाग सापडला नाही की आल्या पावली परत जातात आणि दिलेली वीज तशीच सोडून देतात.

हे शेवटचं बघितलं की सासूबाईंचं टाळकं सरकायचं. तिचा एक नियम होता: ज्याने लावला त्यानेच मालवायचा. हा नियम घरातही लागू होता. बाथरूमचा दिवा चालू राहिला तर ती बाबांना खुर्चीतून उठवून बंद करायला लावायची. बाबा म्हणायचे, “या घरात दिवा चालू ठेवून मरायचीसुद्धा सोय नाही.” आई तिथल्या तिथे तोंडावर बोट ठेवायची, आणि बाबा दिवा बंद करून परत येताना मुद्दाम चपला फरफटवत यायचे.

बाबांच्या उशाशीही कंपनीचंच मशीन होतं, जुन्या मॉडेलचं. त्यांना एक खोड होती. झोपेत मास्क हनुवटीखाली ढकलायचे, आणि उठल्यावर साफ कानावर हात ठेवायचे. मास्क सरकला की मशीन थोडा वेळ वाट बघायचं आणि मग कर्कश ओरडायला लागायचं. तो आवाज आला की आई असेल तिथून उठायची, मास्क बसवायची, दोन शब्द सुनवायची आणि परत जायची. गेली काही वर्षं आईचं सगळं जग त्या आवाजाच्या टापूत मावलं होतं. स्वयंपाकघर, गॅलरी, फार तर जिन्याची वरची पायरी. त्यापलीकडे तो आवाज पोचत नसे, म्हणून तीही जात नसे. याचं तिला वाईट वाटे की नाही कुणास ठाऊक; मुलीने कधी विचारलं नव्हतं.

तर झालं असं, की कंपनीने नवीन मॉडेल काढलं आणि त्यात हवेतला ओलावा मोजणारा एक सेन्सर बसवला. त्याचा ड्रायव्हर लिहायचं काम निवांतरावांकडे आलं. हे नावही ठेवलेलंच. काम कितीही तातडीचं असो, ‘होईल निवांत’ हे त्यांचं उत्तर. माणूस तब्येतीने गोल, आवाजाने मऊ, आणि कोड लिहिणारा बरा; पण कारण विचारलं की डोकं खाजवणारा. सॉफ्टवेअर जुन्या आणि नव्या मशिनांना एकच जाणार होतं. जुन्या मशीनमध्ये त्या सेन्सरची जागा होती, पण ती रिकामी. तिथे पूर्वीही असाच एक सेन्सर बसवायचा बेत होता, तो बारगळला, आणि त्याचा अर्धाकच्चा ड्रायव्हर तसाच राहिला होता. निवांतरावांनी त्याच्यावरच नवा रचला.

सासूबाईंनी पहिल्याच वाचनात बोट ठेवलं. सेन्सर सापडला नाही तर परत जाताना वीज बंद होत नव्हती.

‘वीज दिली आहे, काढलेली नाही. दुरुस्त करा,’ तिने शेरा लिहिला.

‘आधीपासून तसंच आहे मॅडम. चाललंय, तर राहू दे ना,’ निवांतरावांचं उत्तर आलं.

‘चूक जुनी झाली म्हणून ती बरोबर होत नाही.’

‘खरंय. पण जुन्या मशीनला उगाच हात लावू नये असं वाटतं.’

‘‘वाटतं’ हे कारण नाही. कारण असेल तर लिहा.’

कारण नव्हतं. निवांतराव तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, पेन्सिल बोटांत फिरवली, म्हणाले, “तसं काही सांगता येत नाही. पण आत कुठेतरी खटकतंय.” ती म्हणाली, “आतलं बाहेर आलं की बोलू.” शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. निवांतरावांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली, तिने सही केली, आणि मनात म्हणाली, एक दिवा तरी मालवला.

नवीन सॉफ्टवेअर एकदम सगळ्यांना पाठवायची पद्धत नव्हती. आधी ते ‘घरच्यां’ना जायचं, म्हणजे कंपनीत काम करणाऱ्यांच्या ज्या नातेवाइकांकडे मशीन होतं त्यांना. तिथे काही दिवस सुरळीत गेले की बाहेरच्या हजारो घरांत. पण नव्या मॉडेलची विक्री तोंडावर आली होती, म्हणून या वेळी साहेबांनी काही दिवसांचे काही तास केले. सकाळी घरच्यांना, दुपारी चारला सगळ्यांना. सासूबाई आपल्या कामाची खात्री असलेली बाई. तिने बाबांचं मशीन स्वतः पुढे केलं. वर निवांतरावांना टोमणा मारला, “तुमच्या सासूबाईंचंही घाला की, की तिथेही खटकतंय?” त्यांच्या सासूबाई, म्हणजे खऱ्या, एकट्या राहत, आणि मशीन ओरडलं की भिंतीपलीकडची शेजारीण धावून येई. निवांतराव मऊ हसले, ती पुढे गेल्यावर शेजारच्याला म्हणाले, “एक सासूबाई घरी, एक ऑफिसात. नाही कुणाला म्हणणार?” आणि घातलं.

त्या दिवशी ती जेवायला घरी आली. ऑफिसपासून घर दोन गल्ल्यांवर होतं. जिन्यातच आईचं हसणं ऐकू आलं, आणि तेही खालच्या मजल्यावरून. आई शेजारणीच्या दारातून बाहेर आली, गालांवर लाली, हातात शेजारणीने दिलेलं फुलझाडाचं रोपटं.

“तू खाली कशी?” तिने विचारलं.

“अगं, जरा बसले. कितीतरी दिवसांनी.” आई पायऱ्या चढता चढता बोलत होती. “दार उघडंच ठेवलंय वरचं, कान तिकडेच होता. पण आज तुझं ते मशीन शहाण्यासारखं वागतंय हं. सकाळपासून एकदासुद्धा ओरडलं नाही.”

तिला बरं वाटलं. हेही सांगायला हवं. आपल्या हातून गेलेल्या कामाने आईला तासभर मोकळं केलं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. आईने ताट वाढलं, ती हात धुऊन बसली, पहिला घास तोंडात घातला. आणि तो घास तोंडातच राहिला.

एकदासुद्धा नाही? नव्या सॉफ्टवेअरने सेन्सरचं काम बदललं होतं. बाबांची खोड नव्हती बदलली.

ती उठली. खुर्ची मागे पडली, तिने उचलली नाही. बाबांच्या खोलीचा पडदा ओढलेला होता, अंधुक उजेड. मशीन नेहमीसारखं घुंई करत होतं. बाबा उताणे झोपले होते आणि मास्क हनुवटीखाली, गळ्यावर. सगळी हवा त्यांच्या बंडीच्या गळ्यात चालली होती. तोंड उघडं. ओठ निळसर पडलेले. छाती हलत होती, पण इतकी कमी, की तिला वाकून बघावं लागलं.

“बाबा!”

तिने मास्क वर ओढला, पट्टे घट्ट केले, पाठीखाली हात घालून त्यांना उठवून बसवलं. एरवी हलके वाटणारे बाबा त्या वेळी शिळेसारखे जड लागले. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात वाढायचा डाव तसाच. बाबांनी एक श्वास घेतला, मग एक मोठा, मग खोकले. ओठांवर हळूहळू रंग यायला लागला. त्यांनी डोळे उघडले, लेकीला बघितलं, मास्क बाजूला करून म्हणाले, “कशाला उठवलंस? छान झोप लागली होती.”

तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. मशीनच्या पडद्यावर तांबडी खूण अजून लुकलुकत होती. म्हणजे मास्क सरकल्याचं मशीनला कळलं होतं. आपण ओरडतोय, असंच मशीन समजत होतं. तिने नळी उपसून हातात धरली आणि उभी राहिली. खूण लुकलुकली. आवाज नाही. मशीन बंद करून पुन्हा लावलं. सुरू होताना ते ‘टुक’ करून एकदा वाजत असे, तेही वाजलं नाही.

“आई, खुर्ची आण. इथे बस, बाबांच्या तोंडाकडे बघत. आवाजाची वाट बघू नकोस. झोपले तरी हलू नकोस.”

“झालंय काय पण?”

“मशीन मुकं झालंय.”

आईने हातातला डाव बघितला, तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना. मग तो मांडीवर घेऊनच ती खुर्चीत बसली.

जेवणाचं ताट बाजूला सारून तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. खरं सांगायचं तर त्या वेळी तिची एकच इच्छा होती: बाबांच्या मशीनचा बझर, म्हणजे आवाज करणारा भाग, जळलेला असू दे. एक सुटा भाग बिघडला, बदलला, मिटलं. आपलंच मशीन बिघडलेलं असावं अशी प्रार्थना करणारी माणसं जगात फार नसतील. तिने लॅबमधल्या टेस्टिंगवाल्याला फोन लावला.

“आपलं जुनं मशीन आहे ना तिथे? नळी काढ आणि अलार्म वाजतो का सांग.”

“सकाळीच केलंय मॅडम. वाजलाय. अलार्म दिला अशी नोंद आहे.”

“नोंद नको. कानाने ऐक.”

“मॅडम, त्याच्यावर पट्टी आहे ना.”

“कसली पट्टी?”

“बझरवर. आत कापूस आणि वरून चिकटपट्टी. दिवसभर ओरडायचं, तुमचं वाचनात लक्ष लागेना, म्हणून तुम्हीच लावायला सांगितली होती. मागच्या वर्षी.”

आठवलं. सांगितली होती, आणि वर म्हणाली होती की किती शांत वाटतंय आता.

“काढ,” ती म्हणाली. पट्टी ओरबाडल्याचा आवाज फोनमधून आला. मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

“नाही येत मॅडम. काहीच नाही येत.”

म्हणजे बझर जळला नव्हता. दोन ठिकाणचे दोन बझर एका दिवशी जळत नाहीत. तिने आधी बझरचा ड्रायव्हर उघडला. कधीच सोडून गेलेल्या कुणाचा तरी, चांगला आटोपशीर, आणि वर्षानुवर्षं कुणी हातही न लावलेला. आवाज दे, थांबव, पुन्हा दे. सगळं होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. त्या ड्रायव्हरने बझरसाठी वीज कुठेच मागितली नव्हती. वीज आहेच असं धरून तो चालला होता. तिने मशीनचा नकाशा काढला, जुन्या मॉडेलचा, आणि विजेच्या रेघेवरून बोट फिरवत नेलं. एकच रेघ दोन ठिकाणी जात होती. एक फाटा बझरला, आणि दुसरा त्या रिकाम्या जागेला, जिथे सेन्सर कधी बसलाच नाही.

पुढचं तिला वाचायची गरज उरली नाही. इतकी वर्षं तो अर्धाकच्चा ड्रायव्हर मशीन सुरू झालं की रिकाम्या जागेला वीज द्यायचा, ‘तू कोण’ म्हणून विचारायचा, उत्तर न आल्यावर वीज तशीच सोडून निघून जायचा. त्या सोडून दिलेल्या विजेवर बझर जगत होता. कुणाला माहीत नव्हतं, बझरच्या ड्रायव्हरलाही नाही. आणि मग कुणीतरी आलं आणि म्हणालं, ज्याने लावला त्यानेच मालवायचा. नव्या मशीनमध्ये सेन्सर होता, उत्तर देत होता, म्हणून तिथे वीज राहिली आणि अलार्म खणखणीत वाजला. जुन्या मशिनांत मात्र त्या एका ओळीने बझरच्या तोंडावर हात ठेवला. ती ओळ निवांतरावांनी लिहिली होती. पण ती कुणाची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घड्याळात तीन वाजून गेले होते. चारला हे सॉफ्टवेअर हजारो घरांत जाणार होतं, आणि त्या घरांत कुणी ना कुणी स्वयंपाकघरात, गॅलरीत, जिन्याच्या वरच्या पायरीवर कान लावून निर्धास्त बसलेलं असणार होतं.

आपली सही मागे घ्यायची सोय होती. आजवर तिने ती कधी वापरली नव्हती. इतरांनी वापरली तेव्हा मात्र आठवडाभर त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं होतं. तिने सही मागे घेतली. कारण लिहायच्या जागी लिहिलं: ‘जुन्या मशिनांचा अलार्म बंद पडतो. मी मागितलेल्या बदलामुळे.’ मग साहेबांना फोन लावला.

साहेब वैतागले. “ताई, सगळीकडे कळवून झालंय. एखाद्या मशीनचा बझर गेला म्हणून…”

“दोन मशिनं झाली. आणि एक माझ्या बाबांचं आहे.”

“तुमची खात्री आहे?”

“सही केली तेव्हाही होती. आत्ता कानाने ऐकलंय. काहीच ऐकू येत नाहीये, हे ऐकलंय.”

साहेबांनी चारचं पाठवणं थांबवलं, आणि वर विचारलंच, “कोड कुणाचा आहे?”

“ते उद्या बघू. आधी घरच्यांना फोन करा. ज्यांच्या घरी सकाळी गेलंय त्या प्रत्येकाला. माणसाला मशीनशेजारी बसवा, झोपलं असेल तर उठवा.”

अर्ध्या तासात ऑफिसातली सगळी माणसं फोनला चिकटली. एकेक घर लागत गेलं. कुणाची आत्या चिडली, कुणाचे आजोबा म्हणाले की आज प्रथमच शांत झोप मिळाली होती. ते ऐकून टेस्टिंगवाल्याने कपाळाला हात लावला. शेवटी एक घर उरलं. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. निवांतरावांच्या सासूबाईंचं. भिंतीपलीकडची शेजारीण कामावर गेली होती; आणि नसती गेली तरी ऐकायला काही नव्हतंच.

निवांतराव केव्हाच स्कूटर काढून निघाले होते. हेल्मेट टेबलावरच राहिलं होतं.

आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती फोनकडे बघत राहिली. आतल्या खोलीत बाबा मास्कमधून काहीतरी पुटपुटत होते आणि आई त्यांना दटावत होती. तो आवाज तिला आता जगातला सगळ्यांत गोड आवाज वाटत होता, आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. आपले बाबा सापडले. ‘तुमच्या सासूबाईंचंही घाला की,’ हे आपणच म्हणालो. आणि तो माणूस मऊपणाने हसला होता. त्याला खटकत होतं, त्याने टेबलापाशी येऊन सांगितलं होतं, आणि आपण त्याला सगळ्यांसमोर परत पाठवलं. तिला रडू आलं नाही. तिला आपल्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

फोन वाजला. निवांतरावांचा नंबर. तिने उचलला. पलीकडे धापा टाकल्याचा आवाज.

“बऱ्या आहेत,” ते म्हणाले. “गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. फोन घरात. मी दार तोडायच्या बेतात होतो, तर मागून येऊन विचारतायत, जावईबापू, दाराला काय झालं?”

तिने हसण्याआधी विचारलं, “झोपल्या नव्हत्या ना?”

“आता झोपणारच होत्या. कपडे वाळत घातले की झोपतात रोज.” ते थांबले. ती वाट बघत होती, की आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. तसा त्यांचा हक्क होता. पण ते म्हणाले, “मी बसतो इथेच. तुम्ही जेवलात का?”

ताटातलं सगळं वाळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. साहेबांनी पुन्हा विचारलं, कोड कुणी लिहिला, आणि सगळ्या माना निवांतरावांकडे वळल्या. निवांतराव पेन्सिल फिरवत होते. ती उभी राहिली. मीटिंगमध्ये उभं राहायची पद्धत नव्हती, तरी राहिली.

“लिहिला त्यांनी, लिहायला लावला मी. त्यांनी नको म्हटलं होतं. कारण देता आलं नाही त्यांना, आणि मी कारण शोधायला गेले नाही. नकाशा माझ्याकडेही होता.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि लॅबमधली पट्टीही माझीच.”

कुणी हसलं नाही. ज्याला सासूबाई हे नाव सुचलं होतं तो खाली बघत होता.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. बझरच्या ड्रायव्हरने आपल्यापुरती वीज आपण मागायची. दोघांनी मागितली असेल तर एकाने सोडली तरी दुसऱ्याची जात नाही. कर्नेलमध्ये तेवढी सोय पहिल्यापासून असते, फक्त मागावं लागतं. निवांतरावांनी लिहिली, तिने वाचली. एकही चूक नव्हती. सही करायच्या आधी ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आजवर ते यायचे.

“अजून काही खटकतंय का?” तिने विचारलं.

त्यांनी डोकं खाजवलं. “जुन्या मशीनवर एकदा समोर उभं राहून ऐकावं असं वाटतं.”

दोघं लॅबमध्ये गेले, नळी काढली, आणि मशीन असं ओरडलं की टेस्टिंगवाल्याच्या हातातून कप निसटला. तिने कानावर हात ठेवले नाहीत. मग सही केली.

घरी मात्र अजून सांगायचं राहिलं होतं. आईला एवढंच माहीत होतं की मशीन बिघडलं होतं आणि आता नीट झालं. संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते, आई शेजारणीने दिलेलं रोपटं कुंडीत लावत होती. तिने आईशेजारी बसून सगळं सांगितलं. वीज, रिकामी जागा, आपला नियम, आपली सही. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिचे हात मातीत तसेच राहिले.

“म्हणजे मी खाली हसत बसले होते, तेव्हा हे वर…”

“हो.”

“आणि मला वाटलं,” आई म्हणाली, “आज यांना बरं वाटतंय. खाली तिला तेच सांगत होते मी. म्हटलं, एकदाही ओरडलं नाही, आता यांची तब्येत सुधारतेय.”

आईला राग आला असता तर लेकीने तो झेलला असता. आईने कुंडीतली माती दाबली, हात झटकले आणि उठून आत गेली.

तेव्हापासून त्या घरात एक नवं काम वाढलं. रोज दुपारी बाबांना झोप लागायला लागली, की आई त्यांच्या तोंडावरचा मास्क आपल्या हाताने वर उचलते आणि उभी राहते. मशीन थोडा वेळ वाट बघतं आणि मग किंचाळतं. बाबा दचकून उठतात, हिला वेड लागलंय असं सगळ्या देवांना सांगतात. आई मास्क परत बसवते, पट्टे ओढून बघते, आणि मगच बाहेर येते. आता ती गॅलरीतही जात नाही. खुर्ची बाबांच्या दारातच असते.

लेक घरी असली की तो आवाज ऐकून हातातलं काम थांबवते. बाबांची बडबड सुरू झाली की पुन्हा हातात घेते. एकदा बाबांनी तिच्याकडेच तक्रार केली, “सांग की तुझ्या आईला. आता नीट झालंय ना ते? तूच सही केलीस ना?”

“केली,” ती म्हणाली. “तरी तिला ऐकू दे, बाबा.”